नवोदयची जागा गुणांवर, पण हक्क दाखल्यावर

मृगाचा पाऊस पडतो, तिफण शेतात जाते, खता-बियाण्यांसाठी दुकानासमोर रांगा लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांच्या आगेमागे जवाहर नवोदय विद्यालयाचे अर्ज सुरू होतात. बाप पेरणीत, आई निंदणीच्या वावरात आणि गुरुजी नव्या वर्षाच्या पटनोंदणीत. पाचवीतल्या पोराचे फारम भरायचे कुणी? शेवटची तारीख निघून जाते आणि मग पारावर चर्चा होते, 'पोरगं लई हुशार होतं हो, पण आपल्याला माहीतच नव्हतं.' दर वर्षी गावोगाव हेच घडते. म्हणून नवोदयची जागा गुणांवर कशी ठरते आणि गुण असूनही ती हातची कशी जाते, हे शेतकरी बंधू, सरपंच, ग्रामसेवक आणि गुरुजी या सर्वांनी एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

खेड्यातील मुलांसाठीच काढलेली शाळा

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ग्रामीण भागातील गुणी मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक निवासी शाळा असावी, असा विचार मांडला गेला. त्याआधीच १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून दोन शाळा सुरू झाल्या होत्या. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या महाराष्ट्रात अमरावतीला. पंतप्रधान राजीव गांधी होते आणि मनुष्यबळ विकास खाते पी. व्ही. नरसिंह राव यांच्याकडे होते. आज देशात अशी साडेसहाशेहून अधिक विद्यालये आहेत. तामिळनाडूने मात्र ही योजना घेतली नाही. महाराष्ट्रातील विद्यालये नवोदय विद्यालय समितीच्या पुणे विभागाखाली येतात. गोवा आणि गुजरातही त्याच विभागात आहेत. बीड जिल्ह्याचे नवोदय गेवराई तालुक्यात गढी येथे आहे, हे बहुतेकांना ठाऊक आहेच.

सहावीला प्रवेश मिळाला की बारावीपर्यंतचे शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश आणि पुस्तके हे सगळे केंद्र सरकारच्या खर्चाने होते. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिना ६०० रुपये घेतले जातात. अनुसूचित जाती-जमातीची मुले, सर्व मुली, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील मुले यांना तेही माफ आहेत. सरकारी नोकरांच्या मुलांना आकारणी जास्त आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला सात वर्षांच्या शिक्षणाची ही सोय म्हणजे केवढा आधार आहे, हे वेगळे सांगायला नको.

एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात. देशभर मिळून जागा पन्नास हजारांच्या घरात आणि अर्ज वीस लाखांच्या पुढे, असे हे प्रमाण आहे. एवढ्या गर्दीतून मुले निवडायची म्हणजे परीक्षा आली आणि परीक्षा आली म्हणजे गुण आले.

पेपर आहे तरी कसा?

परीक्षा एकच, एकाच दिवशी, दोन तासांची. प्रश्न ८० आणि गुण १००. म्हणजे प्रत्येक बरोबर उत्तराला सव्वा गुण. पेपरचे तीन भाग आहेत. पहिला बुद्धिमत्ता चाचणीचा: ४० प्रश्न, ५० गुण, त्यासाठी एक तास धरलेला असतो. दुसरा अंकगणिताचा: २० प्रश्न, २५ गुण, अर्धा तास. तिसरा भाषेचा: २० प्रश्न, २५ गुण, अर्धा तास. दिव्यांग मुलांना जादा वेळ मिळतो. पेपर मराठीतून देता येतो, पण ते अर्ज भरतानाच नोंदवावे लागते.

या आकड्यांकडे पालकांनी जरा लक्ष द्यावे. निम्मे गुण एकट्या बुद्धिमत्ता चाचणीला आहेत. या भागात वाचायचे असे फारसे नसतेच. सगळी चित्रे आणि आकृत्या असतात. चारांतली वेगळी आकृती ओळखा, सारखी आकृती शोधा, अपुरी नक्षी पूर्ण करा, पुढची आकृती कोणती ते सांगा, आरशात कशी दिसेल ते ओळखा, घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल ते सांगा, मोठ्या आकृतीत लपलेली लहान आकृती हुडका. असे दहा प्रकार आणि प्रत्येकाचे चार-चार प्रश्न. शहरातल्या पोराने चार पुस्तके जास्त वाचली म्हणून त्याला इथे फार फायदा होऊ नये, खेड्यातल्या पोराची मूळची समज कळावी, हा यामागचा हेतू आहे.

अंकगणित पाचवीपर्यंतचेच असते. संख्या, चार मूलभूत क्रिया, अपूर्णांक, दशांश, लसावि-मसावि, वजन-माप-वेळ-पैसा, नफा-तोटा, परिमिती आणि क्षेत्रफळ. भाषेच्या भागात चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. व्याकरणाची घोकंपट्टी थोडी, उतारा वाचून समजणे जास्त.

उत्तरे वेगळ्या उत्तरपत्रिकेवर गोल भरून द्यायची असतात. ते निळ्या किंवा काळ्या बॉलपेननेच भरायचे. एकदा भरलेला गोल खोडायचा नाही, त्यावर गिरवायचे नाही. ज्या पोराने आयुष्यात असा कागद पाहिलेला नाही, ते उत्तर येत असूनही पाचव्या प्रश्नाचा गोल सहाव्यासमोर भरते आणि तिथून पुढे सगळीच रांग चुकत जाते.

चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. हिशेबच करून पाहा. एखाद्या मुलाने वेळ संपला म्हणून २० प्रश्न तसेच सोडले, तर त्या २० चे शून्य गुण. त्यानेच शेवटच्या दोन मिनिटांत अंदाजाने २० गोल भरले, तर चार पर्यायांतला एक बरोबर या न्यायाने सरासरी पाच तरी बरोबर यायचे. म्हणजे सव्वासहा गुण. जिथे एका सव्वा गुणाने नंबर हुकतो, तिथे सव्वासहा गुण म्हणजे काय, हे सांगायला नको.

किती गुण पडले की नंबर लागतो?

पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेला प्रत्येक पेपरात ४० टक्के गुण मिळाले की मूल पात्र ठरते. ती रेघ आधीपासून ठाऊक असते. नवोदयचे तसे नाही. अमुक गुण मिळाले की जागा पक्की, अशी रेघ आधी कुणी आखून देत नाही. त्या वर्षी त्या जिल्ह्यात बाकीच्या पोरांनी किती मिळवले, यावर ती रेघ पडते. पेपर सोपा गेला तर सगळ्यांनाच सोपा जातो आणि रेघ वर सरकते. म्हणून 'आमच्या पोराला ऐंशी पडले, तरी नंबर कसा लागला नाही?' या प्रश्नाला अर्थ उरत नाही. आणि शेजारच्या जिल्ह्यात कमी गुणांवर लागला, ही तुलनाही कामाची नाही. स्पर्धा आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांशी आहे.

दुसरी गोष्ट अशी की, सगळी मुले एकाच रांगेत उभी नसतात. ८० जागांचा हिशेब मांडू. किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा ग्रामीण भागातील मुलांच्या. उरलेल्या २० जागा खुल्या. त्यांत शहरातलीही येतात आणि गुण असतील तर खेड्यातलीही येतात. एकूण जागांपैकी किमान एक तृतीयांश, म्हणजे सुमारे २७ जागा मुलींच्या. अनुसूचित जाती आणि जमातींना जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, पण त्या अनुक्रमे १५ आणि साडेसात टक्क्यांपेक्षा कमी नाहीत आणि दोन्ही मिळून ५० टक्क्यांहून जास्त नाहीत. बीडसारख्या जिल्ह्यात अनुसूचित जमातीची लोकसंख्या थोडी असली, तरी साडेसात टक्क्यांची किमान हमी आहेच. अलीकडच्या काही वर्षांपासून इतर मागासवर्गीयांसाठी केंद्राच्या यादीप्रमाणे २७ टक्के जागा ठेवल्या जातात. दिव्यांगांसाठीही नियमाप्रमाणे जागा आहेत.

याचा अर्थ असा की, तेच गुण असलेली दोन मुले वेगवेगळ्या रांगांत असतील तर एकाचा नंबर लागतो आणि दुसऱ्याचा हुकतो. यात कुणावर अन्याय झाला असे पारावर बोलले जाते. पण ज्या घरात वीज उशिरा आली आणि पुस्तक त्याहून उशिरा आले, त्या घरच्या पोराला शहरी पोरासोबत एकाच रेघेवर उभे करणे, हा न्याय म्हणता येईल का? खेड्यातल्या पोरासाठी ६० जागा वेगळ्या आहेत, म्हणूनच ही शाळा खेड्याची राहिली आहे.

एक दिवसाचाही शहरी दाखला महागात पडतो

आता सर्वांत महत्त्वाची बाब. ग्रामीण म्हणून अर्ज करायचा असेल, तर मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे, पूर्ण सत्र, ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढलेली असली पाहिजेत. या तीन वर्षांत एक दिवस जरी मूल शहरी भागातल्या शाळेत शिकले, तरी ते शहरी धरले जाते. नियमाचे शब्दच तसे आहेत.

होते काय, की पोरगं हुशार निघालं म्हणून बाप हौसेने त्याला चौथीत तालुक्याला नेतो. खोली भाड्याने घेतो, आजीला सोबतीला ठेवतो, चांगली शाळा आणि वर क्लास. पैसा खर्च होतो, गुणही वाढतात. पण ज्या ६० जागांवर त्या पोराचा हक्क होता, त्या रांगेतून ते बाहेर पडते आणि २० जागांच्या रांगेत जाऊन उभे राहते. तिथे शहरातली, क्लासला मुरलेली पोरे आधीच उभी असतात. चार गुण वाढवायला गेले आणि मूळचा हक्क गेला, असा हा उफराटा व्यवहार होतो. गावची जिल्हा परिषदेची शाळा सोडण्यापूर्वी पालकांनी दहा वेळा विचार करावा, तो यासाठी.

यात आणखी एक मेख आहे. शहरी भाग कोणता, हे शासनाच्या अधिसूचनेवरून ठरते. आपल्याकडे २०१४-१५ च्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. बीड जिल्ह्यात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज आणि वडवणी ही गावे अशी नगरपंचायतीत गेली. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई आणि धारूर इथे नगरपालिका पूर्वीपासून आहेतच. हद्दीतल्या वाड्या-वस्त्यांवर अजूनही बैल आहेत, विहिरी आहेत, शाळाही जिल्हा परिषदेचीच आहे. पण कागदोपत्री तो भाग शहरी झाला. 'आमची झेडपीची शाळा आहे, मग आम्ही ग्रामीणच' असे समजून अर्ज भरला, परीक्षा दिली, नंबर लागला आणि कागद तपासताना अडकले, तर निवड रद्द होते. पोराने मिळवलेले गुण तसेच राहतात, जागा मात्र जाते.

नगरपंचायतीच्या हद्दीलगतच्या शाळांच्या मुख्याध्यापकांनी आपली शाळा कोणत्या हद्दीत आहे, याची खातरजमा गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडून करून घ्यावी आणि ती माहिती पालकसभेत सांगावी. हे मूल तिसरीत असतानाच सांगितले पाहिजे. पाचवीत सांगून उपयोग नाही.

कोयत्यावर जाणाऱ्यांच्या पोरांचे काय?

आपल्या जिल्ह्याचे दुखणे वेगळे आहे. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे बैलगाडीने, ट्रॅक्टरने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. ती परत येतात उन्हाळ्याच्या तोंडाला. नवोदयची परीक्षा मात्र ऐन हंगामात येते. २०२५-२६ च्या प्रवेशासाठी ती १८ जानेवारी २०२५ रोजी झाली आणि २०२६-२७ साठी १३ डिसेंबर २०२५ रोजी. म्हणजे अर्ज भरताना पोरगं गावात आणि परीक्षेच्या दिवशी फडावर, असा प्रकार होतो.

नियमाच्या अंगानेही अडचण आहे. मूल ज्या जिल्ह्यात राहते, त्याच जिल्ह्यातल्या शाळेत पाचवीत शिकत असले पाहिजे आणि त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करता येतो. फडाजवळच्या शाळेत, दुसऱ्या जिल्ह्यात नाव घातले, तर हा धागाच तुटतो. नाव गावच्या पटावर ठेवून पोर फडावर नेले, तर कागद नीट राहतो पण अभ्यास बुडतो, आणि शेवटी गुण तर अभ्यासावरच पडायचे. यावर उपाय म्हणजे हंगामी वसतिगृह. आई-बाप कारखान्यावर गेल्यावर मुले गावातच राहावीत, त्यांच्या जेवणाची सोय व्हावी, यासाठी ही योजना आहे. शाळा व्यवस्थापन समितीने ती केवळ कागदावर न चालवता खरोखर चालवली, तर चार पोरे गावात राहतील, शाळेत बसतील आणि परीक्षेच्या दिवशी केंद्रावर पोचतील. आजीच्या भरवशावर राहिलेल्या पोराला परीक्षेच्या दिवशी तालुक्याच्या केंद्रावर कोण नेणार, हे ग्रामपंचायतीने आधीच ठरवावे. एक जीप केली तरी गावातली सगळी मुले एकदम जातात.

आणि मुलींचा विचार आधी व्हावा. एक तृतीयांश जागा त्यांच्यासाठी राखलेल्या आहेत, वरची आकारणीही माफ आहे. पोराचे फारम भरले आणि पाठोपाठच्या बहिणीचे राहिले, असे होते. जी पोरगी आईसोबत फडावर गेली तर धाकट्या भावंडाला सांभाळते आणि चार वर्षांत जिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, तिला बारावीपर्यंत सुरक्षित जागा मिळणे म्हणजे काय, हे बापाने मनाशी एकदा ताडून पाहावे.

क्लासशिवाय होत नाही का?

तालुक्याच्या गावी आता नवोदयच्या क्लासच्या पाट्या जागोजागी दिसतात. फी भरण्यासाठी कुणी कापसाची उचल घेतो, कुणी दागिना मोडतो. क्लासमुळे सराव होतो, हे खरे. पण जे तिथे करून घेतात, त्यातले बरेचसे गावातही होऊ शकते. मात्र त्याला एखाद्या गुरुजींची तळमळ लागते.

घडीचा आणि भोकाचा प्रश्न समजावायला रद्दी पेपर आणि खिळा पुरतो. पोराच्या हाताने घडी घालू द्यावी, भोक पाडू द्यावे, उघडून पाहू द्यावे. पंचवीस वेळा केले की कागद न घेताही त्याला ते डोळ्यापुढे दिसू लागते. आरशातल्या आकृत्यांना घरातला दाढीचा आरसा चालतो. रांगोळीचे ठिपके जोडणाऱ्या पोरीला अपुरी नक्षी पूर्ण करणे मुळीच जड जात नाही.

अंकगणितही वावरातलेच घ्यावे. पाच कोंबड्या प्रत्येकी ४०० रुपयांना घेतल्या, एक वाटेत मेली, उरलेल्या चार प्रत्येकी ५५० ला विकल्या. नफा किती? घाईत पोर म्हणते, एकामागे दीडशे, चारांचे सहाशे. पण खरेदी झाली २,००० ची आणि विक्री २,२०० ची. नफा फक्त २०० चा. मेलेल्या कोंबडीचे पैसे कुणी द्यायचे? बाजार करणाऱ्या घरातल्या पोराला हे एकदा सांगितले की पुन्हा चुकत नाही. दुसरे उदाहरण: ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद शेताला तारेचे तीन वेढे द्यायचे, तर तार किती? काही पोरे लांबी-रुंदीचा गुणाकार करून मोकळी होतात. पण कुंपण बांधावरून जाते, पिकावरून नाही. एक वेढा २०० मीटरचा, तीन वेढे ६०० मीटर. बापाबरोबर बांधावरून एकदा चालून आले की परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला फरक कायमचा कळतो.

वेळेचा सराव मात्र करावाच लागतो. ८० प्रश्नांना १२० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. डिसेंबरच्या आधी महिना-दोन महिने दर रविवारी शाळा उघडून, घड्याळ लावून, गोल भरायच्या कागदासह पूर्ण पेपर सोडवून घेतला, तर निम्मी भीती जाते. केंद्रातल्या चार शाळांनी मिळून हे केले, तर एकट्या गुरुजींवर भार पडत नाही. केंद्रप्रमुखांनी यात पुढाकार घ्यावा आणि झेरॉक्सचा खर्च ग्रामपंचायतीने उचलावा.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा एकदाच देता येते. पुढच्या वर्षी बघू, असे इथे चालत नाही. पाचवीत मुद्दाम पुन्हा बसवणे, वय कमी दाखवणे असले उद्योग करू नयेत. जन्मतारखेची मर्यादा दर वर्षी माहितीपत्रकात छापलेली असते आणि दाखल्यावरची तारीख तिच्याशी ताडून पाहिली जाते.

गावाने करायची कामे

अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याला शुल्क नाही. त्यासोबत मुख्याध्यापकांनी तपासून सही-शिक्का केलेले प्रमाणपत्र, मुलाचा फोटो, मुलाची आणि पालकाची सही जोडायची असते. हे काम बहुतेक जण सेतू किंवा ई-सेवा केंद्रावर करून घेतात. तिथे गर्दीत चूक होते. मराठीच्या जागी दुसरी भाषा टिचकली जाते, ग्रामीणच्या जागी शहरी पडते, मुलीच्या नावापुढे मुलगा लागतो. अर्जाची प्रत हातात घेऊन गुरुजींकडून वाचून घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. मुदत संपल्यावर लिंग, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांगत्व आणि परीक्षेची भाषा यांतल्या चुका सुधारण्यासाठी काही दिवस खिडकी उघडली जाते, तिचा उपयोग करावा. त्यानंतर तक्रार करून फायदा नाही.

नंबर लागल्यावर कागद तपासले जातात. जन्माचा दाखला, रहिवासी दाखला, तिसरी ते पाचवी कुठे शिकला याचा शाळेचा दाखला, शाळा ग्रामीण भागात असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला, जातीचा दाखला. त्यातही ओबीसीचा दाखला केंद्राच्या यादीप्रमाणे लागतो. विमुक्त जाती आणि भटक्या जमाती हे राज्याचे प्रवर्ग आहेत. बंजारा, वंजारी, धनगर या समाजांची नावे केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात आहेत. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन गेलेला पालक हेलपाटे घालत राहतो. म्हणून केंद्राच्या नमुन्यातला दाखला मागून घ्यावा, आणि तोही निकालाची वाट न बघता.

२०२४ पासून तलाठी हे ग्राम महसूल अधिकारी झाले आणि ग्रामसेवक हे ग्रामपंचायत अधिकारी. पाट्या बदलल्या, काम तेच आहे. पाचवीच्या पोरांची यादी शाळेतून मागवून जूनमध्येच एक दिवस गावात दाखल्यांचे शिबिर घेतले, तर पेरणीतल्या माणसाला तहसीलच्या चार चकरा वाचतात. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ही एक ओळ घालायला खर्च येत नाही.

नंबर लागला तर, आणि नाही लागला तर

नंबर लागलेल्यांनी काही गोष्टी आधी समजून घ्याव्यात. पोरगं घरापासून दूर राहणार. सातवी-आठवीपर्यंत मराठीतून शिकवतात, पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रे हिंदीतून. नववीत सुमारे ३० टक्के मुलांना एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या प्रांतातल्या नवोदयमध्ये पाठवतात आणि तिकडची मुले इकडे येतात. हा योजनेचाच भाग आहे. ऐनवेळी आई रडली म्हणून पोर परत आणले, तर एक जागाही वाया जाते आणि पोराचे मनही मोडते.

नंबर लागला नाही म्हणून पोरगं ढ ठरत नाही. हजारो मुलांतून ८० निवडायची म्हणजे शेकडो चांगली मुले मागे राहणारच. दहा-अकरा वर्षांचे ते पोर. त्याच्यापुढे 'शेजारच्याचा लागला, तुझा नाही' हे शब्द उच्चारू नयेत. केलेला अभ्यास वाया जात नाही. राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेतही बुद्धिमत्ता, गणित आणि भाषा हेच विषय आहेत. ती ३०० गुणांची परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला होत आली आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय घेतला. पहिल्या टप्प्याच्या शिष्यवृत्तीची रक्कम २०२३ मध्ये वर्षाला ५,००० रुपये करण्यात आली आहे. ज्यांना सैन्याची ओढ आहे, त्यांच्यासाठी १९६१ सालची साताऱ्याची सैनिक शाळा आहे. तिथेही सहावीला परीक्षेनेच प्रवेश मिळतो, मात्र फी भरावी लागते. शिवाय नवोदयमध्येच नववीला रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा होते. आठवीतल्या मुलाला तो दरवाजा पुन्हा ठोठावता येतो.

नवोदयवर टीका होत नाही असे नाही. एका जिल्ह्यात ८० मुलांवर एवढा खर्च करायचा आणि बाकीच्या शाळा गळक्या ठेवायच्या, हे बरोबर का, असा प्रश्न पहिल्यापासून विचारला गेला आहे. १९९० च्या आचार्य राममूर्ती समितीनेही या विद्यालयांबाबत शंका उपस्थित केल्या होत्या. ग्रामीण म्हणून राखलेल्या जागांवर नोकरदारांची आणि सधनांची मुलेच पुढे जातात, खरा कोरडवाहूवाला आणि ऊसतोड्या मागेच राहतो, असेही म्हटले जाते. ही टीका खोटी ठरवायची असेल, तर तिला उत्तर गावानेच द्यावे लागेल. ज्या घरात फारमची बातमीच पोचत नाही, त्या घरापर्यंत ती पोचवली, तर मजुराचे पोर त्या रांगेत उभे तरी राहील. पुढचे त्याच्या गुणांवर.

तेव्हा गावच्या कारभाऱ्यांनी एवढे करावे. आपल्या शाळेत आज तिसरीत, चौथीत आणि पाचवीत किती मुले आहेत, त्यांची यादी काढावी. त्यातली कोणती शहरी हद्दीच्या शाळेत जाण्याच्या बेतात आहेत, कोणत्या घरातली माणसे दसऱ्यानंतर कोयता घेऊन जाणार आहेत, कुणाच्या जातीचा दाखला अजून निघालेला नाही, हे नावानिशी पाहावे. बियाणे कोणते पेरायचे याची चौकशी आपण मे महिन्यात करतो. पोराच्या फारमची चौकशीही त्याच महिन्यात सुरू व्हावी.